वरचे आणि खालचे : खाणीची माती, नदी आणि न्यायालय



ज्या दिवंगत गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या शाळेत इतिहासावर बोलण्याचा मान आपण मला दिला, याबद्दल प्रथम ऋण व्यक्त करतो. विषय निवडताना मनात आपल्या गावाचे नाव घोळत होते. तुकईथड. मराठी कानाला त्यातला 'थड' हा शब्द लगेच ओळखीचा वाटतो. थड म्हणजे काठ. नदीची अलीकडची थड आणि पैलथड असे आपण म्हणतो. हे गाव तापीच्या खोऱ्यातले. तापी मुलताईला उगम पावते, सातपुड्याच्या कडेने बुऱ्हाणपुराला येते, तेथून खानदेशात उतरते आणि ७२४ किलोमीटरचा प्रवास संपवून सुरतेजवळ सागराला मिळते. मुलताईकरांच्या दृष्टीने आपण खालचे. भुसावळकरांच्या आणि सुरतकरांच्या दृष्टीने आपण वरचे. नदीकाठचा प्रत्येक मनुष्य असा एकाच वेळी कुणाच्या तरी वर आणि कुणाच्या तरी खाली राहत असतो. आजचे माझे सारे विवेचन या एका साध्या गोष्टीभोवती फिरणार आहे.

वरच्याने नदीत काही टाकले आणि त्याने खालच्याचे शेत बुडाले, तर दाद कुठे मागायची? भांडण दोन शेजाऱ्यांचे असते, तोवर पंच पुरतात. परंतु वरचा म्हणजे मोठा उद्योग असेल, त्याच्यावर हजारोंची पोटे अवलंबून असतील, सरकारच्या तिजोरीत त्याचा भरणा असेल आणि खालचा म्हणजे चार बिघे भाताचा धनी असेल, तर? या प्रश्नाला न्यायालयांनी दिलेल्या उत्तरांचा इतिहास फार जुना नाही. त्यातील दोन निकाल आज आपल्यापुढे ठेवतो. एक १८८४ सालचा, दूरच्या कॅलिफोर्नियातला. दुसरा २०१४ सालचा, आपल्या मराठी माणसाला घरच्यासारख्या असलेल्या गोव्याचा. मला प्रामुख्याने गोव्याविषयी बोलायचे आहे. परंतु त्याचे मर्म कळण्यासाठी जुन्या निकालापासून आरंभ करणे सोयीचे होईल.

कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची वार्ता १८४८ साली फुटली आणि जगभरातून माणसे तिकडे धावली. पहिली काही वर्षे नदीच्या वाळूत घमेले फिरवून सोने मिळत होते. ते संपले तेव्हा डोंगराच्या पोटातील प्राचीन खडीकडे लोकांचे लक्ष गेले. १८५३ च्या सुमारास एक नवी युक्ती निघाली. उंचावरून पाणी नळातून आणायचे, तोफेसारख्या तोटीतून त्याचा झोत डोंगरावर सोडायचा आणि अख्खी टेकडी विरघळवून लाकडी पन्हळीतून वाहवायची. सोन्याचे कण पाऱ्याला चिकटत. उरलेली माती, खडी, दगडगोटे यांचे काय करायचे, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. कारण खाली नदी होती.

युबा आणि फेदर या नद्यांच्या संगमावर मेरीसव्हिल नावाचे शहर आहे. डोंगरातील माती दर पावसाळ्यात खाली उतरू लागली तसा युबेचा तळ वर चढू लागला. लोकांनी बांध घातले. तळ आणखी चढला. बांध आणखी उंच केले. नदीचा तळ शहराच्या रस्त्यांशी बरोबरी करू लागला. १८७५ च्या जानेवारीत पूर बांध ओलांडून शहरात शिरला. काठच्या फळबागा आणि गव्हाची शेते खडीखाली गाडली गेली. शेतकऱ्यांनी १८७८ मध्ये मातीविरोधी संघटना उभारली, दावे लावले, आणि आरंभी ते तांत्रिक कारणांवरून हरलेही. पुढे १८८२ साली एडवर्ड्स वुडरफ या मेरीसव्हिलच्या मालमत्ताधारकाने नॉर्थ ब्लूमफील्ड ग्रॅव्हल मायनिंग कंपनी आणि तिच्यासारख्या इतर खाणींविरुद्ध संघीय न्यायालयात दावा दाखल केला.

हा दावा ज्यांच्यापुढे आला ते न्यायमूर्ती लॉरेन्झो सॉयर १८५० साली कॅलिफोर्नियात आले होते आणि काही काळ त्यांनी स्वतः सोन्याच्या खाणीत काम केले होते. डोंगरातील माणसांचे कष्ट त्यांना ठाऊक नव्हते असे कुणी म्हणू शकले नसते. त्यांनी वादग्रस्त मुलूख स्वतः फिरून पाहिला. खाणमालकांचे म्हणणे थोडक्यात असे होते : या प्रदेशाची वहिवाटच अशी आहे, खाणकामाला कायद्याची मान्यता आहे, माती अनेक खाणींची मिसळलेली आहे, तेव्हा एकट्या आम्हांला दोषी कसे धरता, आणि खाणी बंद झाल्या तर या राज्याचा मुख्य उद्योग बुडेल. १८८४ च्या ७ जानेवारीला दिलेल्या विस्तृत निकालात न्यायमूर्तींनी हे चारही मुद्दे एकेक करून नाकारले. दुसऱ्याची मालमत्ता नष्ट करण्याची वहिवाट असू शकत नाही. खाणकामाची परवानगी म्हणजे शेजाऱ्याच्या शेतावर माती टाकण्याची परवानगी नव्हे. अनेकांनी मिळून केलेला उपद्रव हाही उपद्रवच असतो. आणि उद्योग मोठा असल्यामुळे लहान मालकाचा हक्क लहान होत नाही. माती नदीत सोडण्यास कायमची मनाई झाली. मेरीसव्हिलमध्ये आनंदोत्सव झाला. डोंगरातील खाणवस्त्या ओस पडू लागल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही लक्षात ठेवल्या पाहिजेत.

मात्र एक गोष्ट निकालाला करता आली नाही. जी माती अगोदरच नदीत उतरली होती, तिला न्यायालय मनाई करू शकत नव्हते. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या भूशास्त्रज्ञाने या मातीचा माग काढून १९१७ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. सिएरा नेवाडाच्या नद्यांत उतरलेली माती शंभर कोटी घनयार्डांहून अधिक होती आणि ती एखाद्या लाटेप्रमाणे हळूहळू खाली सरकत होती, असे त्याने दाखवून दिले. निकालानंतर वीसेक वर्षे मेरीसव्हिलजवळचा तळ चढतच राहिला. त्या मातीबरोबर गेलेला पारा तर आजही तेथील नद्यांच्या गाळात सापडतो. १८९३ च्या कायद्याने माती धरणाआड अडवण्याच्या अटीवर अशा खाणकामाला पुन्हा परवानगी मिळाली. परंतु अडवण्याचा खर्च सोसून तो धंदा फारसा परवडला नाही. म्हणजे इतकी वर्षे तो परवडत होता, याचे एक कारण त्याचा निम्मा खर्च खालचे लोक भरत होते, हे होते.

आपल्या देशात हा प्रश्न न्यायालयात वेगळ्या वाटेने आला. डेहराडून-मसुरीच्या चुनखडीच्या खाणींविषयी एका स्थानिक संस्थेने १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. डोंगर उघडे पडत होते, झरे आटत होते, माती ओढ्यांत येत होती. मार्च १९८५ मध्ये न्यायालयाने अनेक खाणी बंद करण्याचा आदेश दिला. लोकांना निरोगी परिसरात जगता यावे यासाठी खाणमालकांना होणारा त्रास ही चुकवलीच पाहिजे अशी किंमत आहे, अशा आशयाचे मत त्यात नोंदवलेले आहे. पुढे कर्नाटकात भद्रेच्या उगमप्रदेशातील कुद्रेमुखच्या लोहखाणीचे प्रकरण आले. ही खाण सरकारी कंपनीची होती. तिचा गाळ भद्रेत उतरतो ही तक्रार होती. २००२ च्या निकालानुसार २००५ च्या अखेरीस तेथील खाणकाम थांबले. ही दोन प्रकरणे मार्ग तयार करणारी ठरली. आता गोव्याकडे वळू.

गोव्याचा नकाशा समोर आणा. पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला समुद्र, मध्ये जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरचे अंतर. सत्तरी, डिचोली, सांगे, केपे हे डोंगरपायथ्याचे तालुके, तेथेच लोहखनिज. मांडवी आणि जुवारी या दोन नद्या आणि त्यांच्या उपनद्या याच तालुक्यांतून वाहतात. कुंभारजुव्याचा कालवा त्यांना एकमेकींशी जोडतो. मांडवीला मिळणाऱ्या खांडेपार नदीवर ओपा येथील पाणीपुरवठा उभा आहे. फोंडा आणि पणजी भागांतील घरांना तेथून पाणी जाते. खाली खाऱ्या पाण्याला बांध घालून पिढ्यान्पिढ्या राखलेली खाजन शेती आहे. म्हणजे खनिज, पिण्याचे पाणी आणि भात ही तिन्ही एकाच उतारावर, एकाखाली एक मांडलेली आहेत.

पोर्तुगीज सरकारने १९०६ च्या हुकुमान्वये खाणींच्या सवलती देण्यास आरंभ केला. त्या जवळजवळ कायमच्या मालकीसारख्या होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांची मागणी आली आणि धंदा फोफावला. बार्जेस खनिज भरून मांडवी-जुवारीतून मुरगावला जाऊ लागल्या. १९६१ साली गोवा मुक्त झाला, पण सवलती तशाच राहिल्या. १९८७ साली संसदेने कायदा करून त्या रद्द केल्या आणि त्यांचे रूपांतर भाडेपट्ट्यांत केले. मालकीचा भाडेपट्टा झाला, हा फरक त्या वेळी पुष्कळांना कागदी वाटला असेल. पुढे सारा निकाल त्यावरच उभा राहिला.

गोव्याच्या खाणी उघड्या पद्धतीच्या आहेत. खनिज काढण्यासाठी वरची जांभी माती प्रथम उपसावी लागते. साधारणपणे एक टन खनिजामागे अडीच ते तीन टन. ही माती ठेवायची कुठे? पट्ट्याची जागा अपुरी, म्हणून शेजारच्या जमिनीवर तिचे डोंगर रचले गेले. गोव्यात त्यांना 'डंप' म्हणतात. साठलेल्या या मातीचा अंदाज सत्तर कोटी टनांच्या वर जातो. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या पावसात सुट्या मातीचा डोंगर जागच्या जागी राहील, अशी अपेक्षा करणे म्हणजे मिठाची रास अंगणात उघडी ठेवण्यासारखे आहे. माती ओहोळात गेली, ओहोळातून शेतात आणि नदीत. पिसुर्ले, शिरगाव, मये, पाळी अशा गावांतील भाताच्या शेतांत तांबडा गाळ साचला. पावसाळ्यातील सरद आणि त्यानंतरचे वायंगण ही दोन पिके घेणारा शेतकरी गाळ उपसत बसला. खाणीचे खड्डे भूजलाच्या पातळीखाली गेले तेथे विहिरींचे पाणी उतरले; कारण खड्ड्यातले पाणी पंपाने उपसल्याशिवाय खनिज निघत नाही.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी चीनची मागणी वाढली. ज्या कमी प्रतीच्या खनिजाला पूर्वी गिऱ्हाईक नव्हते, तेही विकले जाऊ लागले. २०१०-११ साली गोव्याच्या बंदरांतून झालेली लोहखनिजाची निर्यात पाच कोटी टनांच्या वर गेली. केंद्र सरकारने २०१० मध्ये न्यायमूर्ती एम. बी. शहा यांचा आयोग नेमला होता. आयोगाचा गोव्यासंबंधीचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेसमोर आला आणि त्याने मोठ्या प्रमाणावर बेकायदा खाणकाम झाल्याचे म्हटले. राज्य सरकारने खाणी स्थगित केल्या. गोवा फाउंडेशन या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ ऑक्टोबर २०१२ रोजी खाणकाम आणि खनिजाची वाहतूक थांबवली.

अंतिम निकाल २१ एप्रिल २०१४ रोजी लागला. न्यायमूर्ती ए. के. पटनाईक, एस. एस. निज्जर आणि एफ. एम. इब्राहिम कलीफुल्ला यांच्या पीठाने तो दिला. त्याचा कणा मुदतीचा हिशेब हा आहे. १९८७ च्या कायद्यान्वये मानलेले भाडेपट्टे त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला संपले. वीस वर्षांचे नूतनीकरण धरले तरी २२ नोव्हेंबर २००७ ला सारे संपले. म्हणून त्यानंतर २०१२ पर्यंतचे खाणकाम बेकायदा ठरले. दुसरा मुद्दा आपल्या विषयाचा. भाडेपट्ट्याच्या हद्दीबाहेर माती वा खनिज टाकता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले. राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाण नको, असेही ठरवले. वर्षाला काढावयाच्या खनिजावर तात्पुरती दोन कोटी टनांची मर्यादा घातली. खनिज एकदा काढले की संपते आणि त्यावर पुढच्या पिढ्यांचाही वाटा आहे, या विचाराने विक्रीच्या उत्पन्नातील दहा टक्के रक्कम एका कायमस्वरूपी निधीत ठेवण्याचा आदेश दिला. खाणी बंद असण्याच्या काळात हजेरीपटावरील कामगारांना मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांची निम्मी रक्कम खाणचालकांनी द्यावी, असेही सांगितले. सॉयरच्या निकालात हा शेवटचा विचार नव्हता. एकशेतीस वर्षांत न्यायबुद्धी एवढी पुढे आली, हे मान्य केले पाहिजे.

परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबून पाहावे. कॅलिफोर्नियात न्यायालयाने विचारले, 'कुणाच्या शेतावर माती पडली?' गोव्यात न्यायालयाने प्रामुख्याने विचारले, 'माती टाकण्याचा अधिकार तुम्हांला होता काय, आणि हे खनिज मुळात कुणाचे?' पहिल्या निकालात शेतकरी वादी म्हणून उभा आहे. दुसऱ्यात तो मागे आहे. पुढे आहेत मुदती, परवाने आणि राज्याची मालकी. यात दोष दाखवण्याचा माझा हेतू नाही. कागदाच्या वाटेने का होईना, गाळ थांबला. परंतु गाळ ज्याच्या शेतात गेला, त्याच्या नुकसानीचा हिशेब निकालाच्या मुख्य धाग्यात आला नाही, हेही तितकेच खरे. आणि आणखी एक साम्य आहे, ते फार बोलके आहे. डंपांचे काय करायचे, हा प्रश्न न्यायालयाला तज्ज्ञ समितीकडे सोपवावा लागला. युबेच्या मातीप्रमाणे गोव्याची मातीही निकाल लागल्याने नाहीशी झाली नाही. ती जेथे होती तेथेच राहिली आणि प्रत्येक जूनमध्ये पाऊस पडतच राहिला.

निकालानंतर राज्य सरकारने २०१४-१५ मध्ये ८८ भाडेपट्ट्यांचे दुसऱ्यांदा नूतनीकरण केले. ते नूतनीकरण सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द केले आणि त्या वर्षीच्या १६ मार्चपासून खाणी पुन्हा थांबल्या. पुढे लिलावाची पद्धत आली. पहिल्या टप्प्यातील चार पट्ट्यांचा लिलाव डिसेंबर २०२२ मध्ये झाला. मधल्या काळात कर्जाने ट्रक घेतलेली कुटुंबे, बार्जवरील खलाशी, रस्त्याकडेची खानावळ चालवणारी बाई यांनी जे सोसले, ते दुर्लक्षिण्यासारखे नाही. खाणीच्या बाजूचा म्हणून त्यांना बाजूला सारणे हा अन्याय होईल. ज्या वर्षी नियम मोडले जात होते, त्या वर्षी कुणी ते वेळीच अडवले असते, तर एका रात्रीत सारे बंद करण्याची वेळ आली नसती. पट्टे २००७ साली संपले आणि खाणी २०१२ साली थांबल्या. मधल्या पाच वर्षांच्या ढिलाईची किंमत शेतकऱ्याने गाळाच्या रूपाने आणि कामगाराने बेकारीच्या रूपाने, अशी दोघांनी मिळून भरली.

या दोन निकालांतून मला जे दिसते, ते आता थोडक्यात सांगतो. न्यायालय नदी स्वच्छ करीत नाही. डोंगर परत जागेवर ठेवीत नाही. ते एवढेच ठरवते की, वर होणाऱ्या कमाईचा खर्च यापुढे खालच्याच्या नावे लिहिला जाणार नाही. हे 'यापुढे' फार महत्त्वाचे आहे. मागचे जे वाहून गेले, ते नदीच्या ताब्यात गेले. आणि नदीचा हिशेब न्यायालयाच्या तारखांप्रमाणे चालत नाही. म्हणून निकाल जितका उशिरा, तितका तो अपुरा. सॉयरचा निकाल पहिल्या तोटीनंतर तीस वर्षांनी आला. गोव्याचा, निर्यातीचा जोर सुरू झाल्यानंतर साठेक वर्षांनी. या उशिरातच सारे नुकसान साठलेले आहे.

मित्रहो, आपल्या खोऱ्यात गोव्यासारख्या लोहखाणी नाहीत. पण नदीला काहीतरी देण्याची आणि नदीतून काहीतरी घेण्याची सवय कोणत्या खोऱ्यात नाही? वाळू, मुरूम, गिट्टी यांसारख्या गौण खनिजांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ च्या निकालात, पाच हेक्टरांपेक्षा लहान पट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी लागेल, असे सांगितले. म्हणजे लहान आहे म्हणून माफ, ही सोय कायद्याने ठेवलेली नाही. बुऱ्हाणपुराला सतराव्या शतकात सातपुड्यातून झिरपणारे पाणी कुंड्यांच्या ओळीने शहरापर्यंत आणले गेले. ते भूमिगत जलवैभव आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. ते बांधणाऱ्यांना एक गोष्ट पुरती कळलेली होती : वरच्या डोंगरात जे असते, तेच अखेर खालच्या घड्यात येते.

या शाळेतून शिकून गेलेले विद्यार्थी आज कुठे तहसील कचेरीत असतील, कुठे ठेकेदार असतील, कुठे वकील, कुठे शेतकरी. त्यांच्यातील कुणापुढे एखाद्या दिवशी परवानगीचा एक कागद येईल. माती कुठे टाकायची, एवढाच त्यात प्रश्न असेल. त्या वेळी नकाशावर बोट ठेवून उताराच्या दिशेने खाली पाहावे आणि खाली कोण राहते, ते विचारावे. एवढे घडले, तर पुष्कळ खटले उभेच राहणार नाहीत.